‘न बुडणारी’ बोट : फ्लोटेशनच्या दाव्यावर कितपत विसंबावं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक १४ फुटी फायबरची बोट घेतली. सेकंडहँड, नऊ वर्षं जुनी, मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर). रेवदंड्याला मामाचं घर आहे. सुट्टीच्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीत फिरायचं, गळ टाकून बसायचं, यापलीकडे काही बेत नाही. कोणत्या कंपनीची आहे ते मुद्दाम लिहीत नाही.

जुन्या मालकाने बोटीबरोबर मूळ माहितीपत्रक जपून दिलं. त्यात ठळक अक्षरांत छापलंय की बोट ‘अनसिंकेबल’ आहे आणि पूर्ण पाणी भरलं तरी ५ माणसांसह तरंगते. बोटीतही एक स्टिकर आहे : ५ माणसं, ४५० किलो. दोन मुली (वय ९ आणि १३) आणि आई बरोबर येणार म्हणून मी ते पत्रक घरी दाखवलं. आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “हे विकणाऱ्याने लिहिलंय. तू पाणी भरून बघितलंयस का?”

बघितलेलं नाही. त्या दिवसापासून तेच डोक्यात आहे. ‘तरंगते’ याचा अर्थ नक्की काय घ्यायचा? घरच्या घरी हे तपासता येतं का? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

तांडेल_देवबाग

दादा, आईंचा प्रश्न बरोबर आहे. आमचं होड्या दुरुस्तीचं काम आहे, वडील लाकडी होड्या बांधायचे. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी काठापर्यंत बुडून तशीच राहते, माणूस धरून बसू शकतो. फायबर आलं तेव्हा बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, “फायबर लाकूड न्हय, पाणी भरला काय सरळ तळाक जाता.” म्हणजे फायबरच्या बोटीला जे काही तरंगवतं ते आत भरलेला फोम किंवा हवेचे कप्पे. ते आहेत का, किती आहेत आणि कुठे आहेत, एवढं बघा.

अजून एक. बऱ्याच छोट्या बोटींत डेकखाली, म्हणजे पाय ठेवायच्या तक्तपोशीखाली, साधं पांढरं थर्माकोल कोंबलेलं असतं. पेट्रोलचा पाइप गळत असेल तर ते थर्माकोल विरघळतं. मी स्वतः एका बोटीचा डेक कापला तर आत हाताला चिकट गोळा आणि रिकामी जागा. वरून बोट नवीकोरी दिसत होती.

मिशिगनकर

मी गेली १८ वर्षं इकडे राहतो, छोटी बोट आहे, त्यामुळे इकडच्या नियमांचा थोडा अभ्यास झालाय. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या नियमांच्या भाषेतच आहे.

अमेरिकेत १९७१ साली बोट सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखाली कोस्ट गार्डने २० फुटांपेक्षा लहान, एका हलच्या (सांगाड्याच्या) बोटींसाठी फ्लोटेशनचे, म्हणजे पाणी भरल्यावरही तरंगत राहण्याचे, नियम केले. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक ‘बेसिक’ फ्लोटेशन : पाणी भरल्यावर बोटीचा काही भाग पाण्यावर राहिला की झालं. नाक वर करून उभी राहिली तरी चालतं. हा नियम आतल्या इंजिनाच्या बोटींना. दुसरं ‘लेव्हल’ फ्लोटेशन : भरलेली बोट आडवी, सरळ राहिली पाहिजे आणि माणसांना आत बसून राहता आलं पाहिजे. हा नियम आउटबोर्ड लावलेल्या बोटींना. ‘बुडत नाही’ हे शब्द दोन्हींना लावता येतात. पाण्यात पडलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र या दोन पूर्ण वेगळ्या बोटी आहेत.

चाचणी कशी करतात तेही सांगतो. बोट पाण्याने भरून १८ तास तशीच ठेवतात, कारण कुठे फट असेल तर पाणी हळूहळू शिरतं. हवेचे कप्पे असतील तर सगळ्यांत मोठे दोन कप्पे फोडून पाणी आत येऊ देतात आणि मगच मोजतात. मोटारच्या जागी वजनं, माणसांच्या जागी वजनं. हे सगळं शांत पाण्यात. लाटांमध्ये काय होईल याची हमी त्यात नाही.

लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे सरकार प्रत्येक मॉडेल आधी तपासून शिक्का देत नाही. बोट नियमात बसते हे कंपनीच जाहीर करते. कोस्ट गार्ड अधूनमधून बाजारातून बोटी विकत घेऊन तपासतं. शिवाय शिडाच्या बोटी, कनू, कयाक आणि हवा भरून फुगवायच्या बोटी या नियमातून वगळलेल्याच आहेत. तिथे कंपनी जे छापेल ते तिचं स्वतःचं.

युरोपात वेगळी पद्धत. तिथे बोटीवर ए, बी, सी, डी अशी श्रेणी लिहितात. डी म्हणजे वाऱ्याचा जोर (ब्यूफोर्ट मापावर) ४ पर्यंत आणि लाट साधारण ०.३ मीटर, क्वचित ०.५. सी म्हणजे वारा ६ पर्यंत, लाट २ मीटरपर्यंत. काही लोक भारतात आयात बोट घेतात, त्यावर ‘डी’ असतं आणि ते घेऊन खाडीच्या तोंडाशी जातात. डी श्रेणी तळ्यासाठी आणि आडोशाच्या पाण्यासाठी आहे.

तुमच्या स्टिकरवर कोणत्या मानकाचा उल्लेख आहे?

खाडीकाठ

स्टिकरवर मानकाचा काहीच उल्लेख नाही. फक्त आकडे आणि कंपनीचं चिन्ह.

शिडवारा

मी खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या बोटी शिकले आणि आता मुलांना शिकवते, म्हणून आमच्याकडची पद्धत सांगते. मुलं ज्या ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीवर शिकतात ती जेमतेम २.३ मीटरची, ३५ किलोची. तिच्यात हवेच्या तीन पिशव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. दर सीझनच्या आधी आम्ही त्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवतो. सकाळी बोटाने दाबून बघायचं. एखादी ढिली पडलेली असतेच, कारण उन्हाने शिवणी जातात. मग पट्ट्या तपासायच्या. पिशवी शाबूत आहे पण पट्टी कुजलीये, तर बोट भरताक्षणी पिशवी सुटून वर निघून जाते आणि बोट खाली.

आणि मग प्रत्येक मूल बोट मुद्दाम उलटवतं. सरळ करतं, आत चढतं, पाणी उपसतं. पहिल्यांदा सगळी घाबरतात. तिसऱ्यांदा हसायला लागतात. बोट पाण्याने भरल्यावर कशी वागते हे मुलाला पोटातून कळलेलं असतं, तेव्हाच आम्ही त्याला एकट्याने सोडतो. तुमच्या मोटरबोटीचं हे कोणीच करून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

साधासोपा

एवढं कशाला? सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला. बोट बुडाली तर बुडाली, माणसं तरंगतील.

तांडेल_देवबाग

जॅकेट पाहिजेच, त्यात वाद नाही. पण ओहोटीच्या वेळी खाडीत पाच माणसं सुटी पडली तर पाच मिनिटांत पाच ठिकाणी जातात. लाटेत नुसतं डोकं शंभर हातांवरून दिसत नाही. बोट तरंगत असेल, निदान तिचा लाल-पांढरा काठ दिसत असेल, तर मासेमारीचा मचवा वळून येतो. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोन जीव गेले. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो : बोट सोडायची नाही. पण धरून राहायला बोट वर राहिली पाहिजे ना.

साधासोपा

मान्य. सुटे पडण्याचं डोक्यात आलं नव्हतं.

मांडवीकाठची

कयाकवाल्यांसाठी माझी भर. गोव्यात खाडीत खारफुटीतून वल्हवायला जाते. प्लास्टिकच्या कयाकबद्दल विकणारे सांगतात, “मटेरियलच पाण्यापेक्षा हलकं, बुडूच शकत नाही.” खरं आहे, पॉलिइथिलिनची घनता पाण्यापेक्षा जरा कमी, ०.९५ च्या आसपास. पण हिशोब करा. २५ किलोची कयाक आतून पूर्ण भरली तर त्या प्लास्टिकची उचल मिळते किलो-सव्वा किलो. एवढ्यावर माणूस सोडा, दोन लिटर पाण्याची बाटलीही पेलणार नाही. वर बसायच्या कयाकला तरंगवते ती आतली बंद हवा. मागचं बूच विसरलात, किंवा मासेमारीचा रॉड होल्डर लावताना मारलेल्या स्क्रूच्या भोकाला सीलंट नाही लावलं, की ती हवा गेली. माझ्या कयाकच्या पोकळीत आता दोन फुगवायच्या पिशव्या कायम असतात.

आणि ‘क्षमता १५० किलो’ म्हणजे १५० किलोला वल्हवता येईल असं नव्हे. मी दोनतृतीयांश धरते. त्यापुढे कयाक इतकी खोल बसते की छोटी लाटही मांडीवर येते.

गणितप्रेमी_ठाणे

खाडीकाठ, बोटीचं वजन, मोटारचं वजन आणि डेकखालची मापं द्या. कागदावर बघू.

खाडीकाठ

हल १९० किलो (पत्रकावरून). मोटर ५२ किलो. नांगर आणि साखळी ८. डेकखाली फोम भरलाय असं पत्रक म्हणतं. ती जागा २.४ मीटर लांब, ०.९ रुंद आणि सरासरी १० सेंटिमीटर खोल भरते. बाजूच्या बाकांखाली पोकळ, सामान ठेवायला.

गणितप्रेमी_ठाणे

चला. फायबरचं विशिष्ट गुरुत्व दीड (पाण्याच्या दीडपट जड) धरलं तर पाण्याखाली त्याचं वजन एकतृतीयांश उरतं. १९० चे झाले ६३ किलो. मोटर ॲल्युमिनियम आणि लोखंडाची, पाण्याखाली ४० धरा. नांगर ७. म्हणजे नुसती रिकामी बोट वर ठेवायला ११० किलो उचल हवी.

आता माणसं. पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या माणसाचं ओझं जवळपास नसतंच. पण तो बाकावर बसला आणि पाणी कमरेपर्यंत असलं, तर पाण्याबाहेरच्या अर्ध्या अंगाचं वजन बोटीवर येतं. ६५ किलोचा माणूस, ३२ किलो ओझं. पाच माणसं म्हणजे १६०. एकूण २७०.

फोम किती? २.४ × ०.९ × ०.१ म्हणजे २१६ लिटर. चांगला फोम लिटरला ३२ ते ४० ग्रॅम भरतो, म्हणून एक लिटर फोम साधारण ९६० ग्रॅम उचलतो. २१६ लिटरचे २०७ किलो. त्यातून बोटीचे ११० वजा केले की उरले ९७. तीन माणसं. पाच नव्हेत. आणि हे फोम नवा, कोरडा आणि पूर्ण भरलेला आहे असं गृहीत धरून.

पाच माणसं बोटीला बाहेरून लोंबकळली तर पत्रकातलं वाक्य खरं ठरेल. ते वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा तेच असावं.

मिशिगनकर

गणित उत्तम. फक्त जागेचा मुद्दा राहिला. सगळा फोम डेकखाली म्हणजे उचल खालून. भरलेली बोट अशा वेळी अस्थिर होते, थोडं कुणी एका बाजूला सरकलं की कलंडून उलटी होते आणि उलटीच स्थिर राहते. फोम जितका बाजूंना आणि वर, काठाजवळ, तितकी बोट सरळ राहायला बघते. इकडे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९६१ साली लाइफ मासिकात बोस्टन व्हेलर या बोट कंपनीच्या डिक फिशरचे फोटो आले. तो बोटीत बसून करवतीने १३ फुटी बोट मधोमध कापतो आणि मागच्या अर्ध्या भागात बसून निघून जातो. ते जमलं कारण त्या बोटीत फायबरच्या दोन थरांमध्ये, तळाला आणि बाजूंनाही, फोम ओतलेला असतो. डेकखाली थोडा फोम भरून तसाच दावा करणं योग्य नाही. आणि त्या बांधणीच्या जुन्या बोटींचासुद्धा फोम कुठे भोक पडलं तर पाणी पितो. लोक बोट तोलून बघतात, मूळ वजनापेक्षा किती जड झाली म्हणून.

तुम्ही उथळ पाण्यात भरून बघाच. मोटर काढून ठेवा. तिच्या जागी वाळूची पोती नका लावू, वाळू पाण्याखाली बरीच हलकी होते, फसाल. लोखंडाची वजनं लावा, ४० किलो.

खाडीकाठ

मंडळी, काल केलं. सविस्तर लिहितो.

ओहोटी संपता संपता, कमरेइतक्या पाण्यात, वाळूच्या दांड्याजवळ. वारा नव्हता. दोन दोर किनाऱ्याला, चार जण पाण्यात, सगळ्यांना जॅकेट. मोटर घरी. तिच्या जागी ट्रान्समला (बोटीच्या मागच्या उभ्या फळीला) व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा साखळीने बांधल्या, ४५ किलो, कारण लोखंडही पाण्यात थोडं हलकं होतं. आई किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती.

बूच काढलं. पहिली दहा मिनिटं काहीच वाटलं नाही. पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा बोट एकाएकी चंचल झाली, जरा हात लावला की सगळं पाणी त्या बाजूला धावायचं आणि काठ खाली जायचा. अर्धी भरलेली बोट इतकी नाचते हे मला माहीत नव्हतं. मग मागची बाजू बसायला लागली. काठ पाण्याला टेकला आणि पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. मागचा भाग तळाच्या वाळूला जाऊन टेकला, नाक दीड-दोन फूट वर, आणि बोट हळूच डाव्या कुशीवर वळली. एकही माणूस आत नव्हता.

पाणी खोल असतं तर नाकाचं टोक तेवढं दिसलं असतं. मुलींनी धरायचं कुठे? त्या गुळगुळीत नाकाला धरायला काहीच नाही. मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

आज डेकला ५० मिलिमीटरच्या होलसॉने (गोल भोक पाडायच्या करवतीने) तीन ठिकाणी भोकं पाडली. पुढे फोम आहे, पिवळा, कोरडा. मध्ये आहे, पण बोटाने दाबला की पाणी येतं. मागच्या भोकात काहीच नाही, रिकामी जागा आणि तळाशी काळं पाणी. मधल्या भोकाभोवतीचा डेक चौकोनी कापून १० × १० × १० सेंटिमीटरचा तुकडा ब्रेडच्या सुरीने काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४१० ग्रॅम.

गणितप्रेमी_ठाणे

जो लिटर ४० ग्रॅम हवा तो ४१०. म्हणजे त्या फोमची उचल ५९० ग्रॅम उरली. त्यात मागचा भाग रिकामा. तुमची चाचणी आणि आकडे जुळतात.

तांडेल_देवबाग

दादा, बरं झालं केलंत. आता ऐका. डेक उघडा, ओला फोम सगळा काढा. तो वाळत नाही, वाट बघू नका. परत ओतायच्या भानगडीत पडू नका, घरी प्रमाण चुकतं. पॅकिंगवाल्यांकडे पांढऱ्या पॉलिइथिलिन फोमच्या जाड लाद्या मिळतात, त्या पेट्रोलला टिकतात, पाणी पीत नाहीत. दोन्ही बाकांखालची जागा त्यांनी भरा. सामान गेलं तरी चालेल. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांत उभे ठोकळे. काठाला बाहेरून दोर फिरवून घ्या, हाताने धरायला.

भंगारजुगाड

रिकाम्या पाण्याच्या बाटल्या भरल्या तर? स्वस्त पडेल.

तांडेल_देवबाग

चालतात, मी बसवल्याही आहेत. बूच घट्ट असलेली एक लिटरची बाटली जवळजवळ किलोभर उचलते. एक फुटली तर बाकीच्या आहेत. पण गोल बाटल्यांमध्ये जागा वाया जाते आणि उन्हात डेकखाली तापून काहींची बुचं सैल होतात. दरवर्षी काढून बघायची तयारी असेल तरच.

शिडवारा

काहीही भरा, पण बाकाचं झाकण पक्कं करा. ९० लिटर फोम पाण्याखाली गेला की ८० किलोहून जास्त जोराने झाकण वर ढकलतो. दोन स्क्रूंवरचं झाकण उडून जाईल आणि फोम एकीकडे, बोट एकीकडे. बोल्ट मारा, मागे मोठे वॉशर लावा. आणि खाली पाणी निघून जायला वाट ठेवा.

खाडीकाठ

सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. पुढच्या लोकांना उपयोग होईल म्हणून पूर्ण हकिगत.

बाकांखाली प्रत्येकी ९० लिटर, ट्रान्समच्या कोपऱ्यांत २५-२५, पुढे डेकखाली ६०. एकूण २९० लिटर, हिशोबाने २७८ किलो उचल. बोटीचे ११० गेले की १६८. म्हणजे कागदावर पाच माणसं बसतात, पण मी पाच धरणार नाही. डेक उघडायला, फोम आणि रेझिनला आलेला खर्च बोटीच्या किमतीच्या एकदशांशाच्या आत बसला.

काल पुन्हा तीच जागा, तीच ओहोटी, त्याच प्लेटा. बूच काढलं. मधल्या टप्प्यावर बोट तशीच नाचली, ते काही बदललं नाही. पण काठापर्यंत भरल्यावर ती थांबली. मागे काठ पाण्याच्या वर चार बोटं, पुढे वीतभर. मग आम्ही एकेक करून आत बसलो. तिघे बसेपर्यंत ठीक. चौथा बसला तेव्हा मागचा काठ पाण्याला टेकला, पण बोट आडवीच राहिली. चौघे एका बाजूला सरकलो तेव्हा कलली, उलटली नाही. तासभर तशीच ठेवली. बादलीने उपसायला दोघांना पंचवीस मिनिटं लागली. बादली दोरीने बोटीला बांधलेली असावी, नाहीतर ती पहिली वाहून जाते, हेही कालच कळलं.

जुनं स्टिकर खरवडून काढलं. तिथे रंगाने लिहिलंय : माणसं ४, मुलं धरून. बोटीच्या सर्वेक्षणाला (तपासणीला) येणाऱ्या माणसाला फोटो दाखवणार आहे.

आई म्हणाली, “आता येते.” तिला मापाचं जॅकेट मिळत नाहीये. उंची पाच फुटांच्या आत, अंगाने स्थूल. दुकानात एकच माप, तिच्या कानापर्यंत चढतं. काय बघून घ्यावं?

शिडवारा

काकूंना छातीच्या घेराप्रमाणे द्या, वजनाप्रमाणे नको. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं (साधारण दहा किलो उचलीचं), मानेमागे कॉलर असलेलं. घालून सगळ्या पट्ट्या आवळा आणि मागून दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर ओढून बघा. हनुवटीच्या वर गेलं तर ते पाण्यात तोंडावर येणार, घेऊ नका. मांड्यांमधून जाणारी पट्टी असलेलं मिळालं तर तेच घ्या, साडीवर ती नीट बसत नाही, म्हणून त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला सांगा. आणि बोटीत बसण्याआधी काठावर, कमरेइतक्या पाण्यात, दोन मिनिटं पाठीवर तरंगून बघायला लावा. त्या हो म्हणतील असं वाटतंय.